नर्गिसच्या नावातला रफार
(पालक सभेतील भाषणाचा मजकूर)



स्मरणिकेच्या जुन्या अंकांतील गुणवंतांच्या याद्या नव्या संगणकावर घेण्याचे काम मजकडे आले. फाईल उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ! पालघर असो वा बोईसर-तारापूर, ज्यांच्याकडे जुने टंकलेखन आहे त्या सर्वांना हा अनुभव येणारच. म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक मराठी अक्षर साठवीतच नसे. तो इंग्रजी ‘डी’ साठवी आणि फॉन्ट त्या जागी ‘क’चे चित्र दाखवी. फॉन्ट नसला की चित्र नाही. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीच्या बहुतेक वर्णांना स्वतःचा कायम क्रमांक मिळाला.

मग ‘डी’च्या जागी ‘क’ घातला की झाले, असे आपणांस वाटेल. मलाही वाटले होते. पण आपल्या शेजारचे चिंचणी गाव घ्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी आणि ‘च’ मागून. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे ‘च’ आधी. रफाराचे नेमके उलट. नुसती अदलाबदल केली तेव्हा मुर्बे गावाचे ‘मुबेर्’ झाले, आणि नर्गिस या नावाचे ‘निगर्स’! वेलांटी एक अक्षर पुढे न्यावी, रफार मात्रा ओलांडून मागे आणावा, हे संगणकाला वेगळे शिकवावे लागते.

काही चुका तर डोळ्यांना दिसतही नाहीत. तारापूरच्या केंद्रामुळे आपल्या तोंडी बसलेल्या ‘ॲटमिक’ शब्दातील ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवीत. दोन्ही दिसतात सारखेच. पण एक शोधू गेल्यास दुसरे सापडेलच, असा भरवसा नाही.

आपल्या मुलांची नावे उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तीन लिपींतून फिरतात. आधीच एका अक्षराच्या फरकापायी दाखल्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे मी पालकांना सांगायला नको. त्यात यंत्राने केलेली भर नको.

तेव्हा मूळ फाईल पुसू नका. तिच्यावर फॉन्टचे नाव लिहून ठेवा. ‘श्रीलिपी’ची मांडणी निराळी, ‘कृतिदेव’ची निराळी. रूपांतर झाल्यावर प्रत्येक नाव छापील अंकाशी ताडून पाहावे लागेल. शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यासाठी बसतो. एकाने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे. दुसरा माणूस अजून मिळालेला नाही.