यंत्रानं कारण सांगितलंच पाहिजे



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘मोडेमच्या लेखी आज्ञा’. त्यातून मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. माणसाच्या कामात येणाऱ्या प्रत्येक यंत्रानं लिहून दिलेला हुकूम ऐकला पाहिजे, आणि काम झालं नाही तर का झालं नाही, ते सांगितलंच पाहिजे.

मोडेम म्हणजे काय, हे या सभागृहात समजावायला नको. संगणकाचे अंक आवाजात, आवाज पुन्हा अंकांत. ती किरकिर तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी ऐकली आहे. (हशा) पुढं जाऊ.

१९८१ साली अमेरिकेत डेनिस हेस आणि डेल हेदरिंग्टन यांनी स्मार्टमोडेम बाजारात आणला. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे तीसेक अक्षरं. नवल वेगाचं नव्हतं. तोवर बहुतेक ठिकाणी नंबर माणसानं फिरवायचा, पलीकडची शिट्टी ऐकायची आणि मग रिसीव्हर यंत्रावर ठेवायचा. या दोघांनी ज्या तारेतून मजकूर जातो, त्याच तारेतून मोडेमला हुकूमही द्यायची सोय केली. हुकुमाची सुरुवात ‘एटी’ या दोन अक्षरांनी. गर्दीत कुणाला ‘अहो, इकडं बघा’ म्हणावं तशी. या अक्षरांवरूनच समोरचा संगणक किती वेगानं बोलतोय, तेही मोडेम ताडायचा. पुढं डी लिहिलं की नंबर फिरव, एच म्हणजे फोन ठेव, झेड म्हणजे मूळ पदावर ये. डीला पी जोडला की ठोके, टी जोडला की सूर. ठोक्यांच्या लाइनवर शून्याचे दहा ठोके; म्हणजे बेळगावचा ०८३१ हा नुसता कोड फिरवायलाच बावीस!

पण एकदा फोन लागला की तारेतून मजकूर वाहू लागतो. मग त्यातला हुकूम ओळखायचा कसा? त्यांनी तोड काढली: एक सेकंद काही पाठवू नका, मग तीन अधिक चिन्हं, मग पुन्हा एक सेकंद काही पाठवू नका. मोडेम समजे, हे माझ्यासाठी आहे. या सेकंदाचं पेटंट होतं आणि त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. हुकुमांची भाषा मात्र इतर कारखानदारांनी सर्रास उचलली आणि पुढं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानंही व्ही.२५० या नावानं ती नोंदवली. एकाच कंपनीच्या कुलपात राहिली असती, तर ती निपाणीपर्यंत आलीच नसती.

आणि मोडेम उत्तर देतो, हे विसरू नका. ‘ओके’. ‘बिझी’: पलीकडचा फोन गुंतलाय. ‘नो डायलटोन’: लाइनवर सूरच नाही. ‘नो कॅरिअर’: पलीकडच्या मोडेमशी जोडणी झाली नाही किंवा तुटली. एकेका कारणाला एकेक उत्तर.

फोनच्या या गोष्टीत आपल्या बेळगाव जिल्ह्याचाही मान आहे. धारवाडच्या वाटेवरचं कित्तूर आपण राणी चन्नम्मांमुळं ओळखतो. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकारानं १९८४ मध्ये सुरू झालेल्या सी-डॉट या दूरसंचार संस्थेचं पहिलं ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज, १२८ पोर्टचं, जुलै १९८६ मध्ये तिथंच बसलं. (टाळ्या) वातानुकूलनाशिवाय, आपल्या उन्हात आणि धुळीत चालावं म्हणून घडवलेलं. ज्या गावात माणसं राहतात, त्या गावाच्या हवेत यंत्र चाललं पाहिजे, हा त्यामागचा विचार.

आता निपाणीची गोष्ट. एका तंबाखूच्या वखारीत मोडेम आला. रात्री कोल्हापूरच्या पेढीतल्या मोडेमला फोन लावायचा आणि दिवसाचा हिशेब पाठवायचा. पहिल्याच दिवशी पडद्यावर ‘नो डायलटोन’. रिसीव्हर कानाला लावला तर सूर ठणठणीत! मोडेम विकणारा म्हणे, लाइन खराब. लाइनमन म्हणे, डबा खराब. मालक दोघांवर चिडलेले, दिवाणजी हिशेबाच्या वह्या घेऊन बसलेले, आणि मी संगणकाचा क्लास चालवणारा म्हणून मला बोलावणं. मी हुकूम लिहायची खिडकी उघडली, एटी टाइप केलं. ‘ओके’ आलं. म्हणजे डबा जिवंत. सूर सगळे ऐकत होते, म्हणजे लाइनही जिवंत. दोघंही निर्दोष! अमेरिकेतला सूर ३५० आणि ४४० हर्ट्झचा जोड; आपला ४०० हर्ट्झचा, २५ नं हेलकावणारा. त्या डब्याला आपला सूर ओळखताच येत नव्हता. एटीएक्स३ लिहिलं: सुराची वाट न बघता नंबर फिरव. मग ०२३१ आणि पुढचा नंबर. पलीकडच्या मोडेमला एस० बरोबर १ असं सांगून ठेवलेलं, त्यानं पहिल्याच घंटीला फोन उचलला.

(श्रोत्यांतून : एसटीडीचं बिल किती आलं?) (हशा)

हिशेब पोचला, बिलाचं मालकांना विचारा! पण खरी गोष्ट पुढंच आहे. त्या लाइनमननं खिशातली वही काढली आणि सगळे हुकूम देवनागरीत उतरवून घेतले. पुढं तो तक्रारीवर जाई तेव्हा आधी एटी लिहून बघे. इंग्रजीशी फारशी ओळख नसलेला माणूस वहीच्या दोन पानांवर दोष शोधायला शिकला, कारण हुकूम लेखी होते आणि यंत्र कारण सांगत होतं. आज हातातला फोन नुसतं गोल चक्र फिरवतो. तो लाइनमन या चक्रापुढं काय शिकेल?

(मागून आवाज : हाच हुकूम कचेरीला पण द्या!) (टाळ्या)

देऊ या की! सीमाभागात मराठीत अर्ज दिला की ‘होत नाही’ एवढंच तोंडी उत्तर मिळतं, हा आपला अनुभव आहे. यावर भाषेचं भांडण उकरल्याचा आरोप होईल, म्हणून स्पष्ट सांगतो: कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्यालाही तेच उत्तर मिळतं आणि त्याचाही हक्क तोच आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ४ सांगतं, की निर्णयाची झळ ज्याला बसते त्याला त्या निर्णयाची कारणं द्यायची. तेव्हा कारण लेखी मागा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दोनच मिनिटं घेतो. मोबाइलच्या मोडेमचा भाग सबंध राहिला, त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. उसाच्या पंपावर सिमकार्डाची पेटी बसवता ना? तसल्या पेट्यांतलं मोबाइलचं मोड्यूल आजही एटीचीच भाषा बोलतं. एटी अधिक सीएसक्यू विचारलं की ते ० ते ३१ मध्ये सिग्नल सांगतं; ९९ म्हणजे कळत नाही. मळ्यातल्या पेटीला जे ठाऊक आहे, ते रात्री बारा वाजता पाण्याच्या पाळीला उठलेल्या शेतकऱ्यालाही कळलं पाहिजे. पण बऱ्याच पेट्यांवर नुसता लाल दिवा! पुढच्या वेळी पेटी घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा, हुकुमांचा तक्ता कुठं आहे, आणि पंप सुरू झाला नाही तर ही पेटी मला कारण काय सांगणार? तक्ता हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.