नोंद बाटलीची की माणसाची?
(हिमायतनगर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणातून)

सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून जे आयोडीनयुक्त औषध देतात, त्याला आपण 'डाय' म्हणतो. ते किती मिलिलिटर गेले, कोणत्या बॅचचे होते, रुग्णाचे क्रिएटिनिन किती होते, हे सारे टिपणारी संगणक-प्रणाली आज निघाली आहे. बॅच क्रमांक क्षुल्लक समजू नका. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. त्या औषधाचा माग काढताना लेन्टिन आयोगाला थेट मंत्र्यापर्यंतचा कारभार दिसला.

मात्र अशी प्रणाली घेताना हिशेब बहुधा बाटल्यांचा होतो. माणसाचे काय? आपला वाढोण्याचा रुग्ण आज नांदेडला जातो, उद्या हैदराबादला. पहिल्या वेळी अंगावर गांधी उठल्या, दम लागला, ही नोंद त्या विभागाच्या संगणकातच राहते. एकदा त्रास झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका अधिक. कोणत्या डायने झाला हे कळले, तर डॉक्टरला दुसरे निवडता येते. पण ऊसतोडीवरून परतलेल्या बाईला त्या औषधाचे नाव सांगितले होते कोणी?

म्हणून आपली मागणी अशी की, शासकीय रुग्णालयात ही प्रणाली येईल तेव्हा प्रत्येक रुग्णाच्या हाती मराठीत छापील चिठ्ठी पडावी : औषधाचे नाव, मात्रा, बॅच, तारीख, झालेला त्रास. 'आभा क्रमांकाशी जोडू' असे उत्तर मिळेल. जरूर जोडावे, पण मोबाईल नातवाकडे राहिला तरी पदराला बांधलेली चिठ्ठी वाचता येते. तोवर स्कॅनच्या खोलीतून निघताना बाटलीवरचे नाव कागदावर लिहून मागा.