मॉडेल रेल्वे : किंमत, नवी इंजिनं आणि आपली बार्शी लाईट

मी आमेरहून बोलतोय. मागच्या भागात रूळ आणि कंट्रोलर यांच्याबद्दल बोललो, त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा झाली ती किमतीची. "सर, एक इंजिन वीस-पंचवीस हजारांना? सोन्याचं आहे का?" प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू. नव्या इंजिनांपैकी आपल्या कामाचं काय, तेही सांगतो.

पहिल्यांदा किंमत. हॉर्नबीचं ओओ मापातलं वाफेचं चांगलं इंजिन आज दोनशे पौंडांच्या पुढे जातं. मेर्कलीनचं आवाजासकटचं एचओ इंजिन चारशे-पाचशे युरो. यात धातू आणि प्लास्टिक असतं मूठभर. पैसे जातात साच्यात. एका इंजिनासाठी पोलादाचे कितीतरी साचे कोरावे लागतात आणि त्यातून निघतात फार तर काही हजार नग. मोबाईलचं कव्हर लाखांनी निघतं, म्हणून ते शंभर रुपयांना मिळतं. इथे तो सगळा खर्च थोड्या गिऱ्हाइकांवर वाटला जातो. त्यावर जुळणी. बारीक पाइप, कठडे, हँडल हे सगळं हातानं चिकटवतात, आणि ते काम बहुतेक चीनमध्ये होतं. तिथली मजुरी वाढली तशा किमती वाढल्या.

कंपन्या आपल्याला लुटून गबर झाल्या, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांचा इतिहास पाहावा. मेर्कलीन 1859 ची. 2009 च्या फेब्रुवारीत, म्हणजे दीडशेव्या वर्षी, तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे 2013 मध्ये सिंबा-डिकी या खेळण्यांच्या समूहानं ती घेतली. इटलीची लिमा बुडाली, तिचे साचे हॉर्नबीकडे गेले. खुद्द हॉर्नबीची मालकी 2017 मध्ये एका गुंतवणूक कंपनीकडे गेली. लिव्हरपूलचं हॅटन्स हे 1946 पासूनचं दुकान, त्यानं 2024 मध्ये व्यवसाय गुंडाळला. या धंद्यात कुणी गबर झालेलं मला तरी दिसत नाही.

लिमाच्या त्या जुन्या साच्यांवर हॉर्नबी 'रेलरोड' नावाची स्वस्त मालिका काढते. बारकावे कमी, पण गाडी चालते छान. नातवंडांच्या हातात द्यायची असेल तर तीच घ्या. दोनशे पौंडांच्या इंजिनाचा कठडा पोरगा पहिल्या दहा मिनिटांत मोडतो आणि मग घरात जे वातावरण होतं ते मी वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडची भर. स्केल मॉडेल सीमाशुल्कात खेळण्यांच्याच शीर्षाखाली येतं. 2020 मध्ये त्यावरचं शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर नेलं आणि 2023 मध्ये 70 वर. वर जीएसटी. म्हणजे तिकडे शंभराची वस्तू इथे दुपटीच्या जवळ जाते. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा हेतू मला मान्य आहे. फौजेत आयुष्य काढलेला माणूस स्वदेशीच्या विरोधात कसा बोलेल? पण ज्या वस्तूचा देशात कारखानाच नाही तिच्यावर हा कर लावून संरक्षण नेमकं कुणाचं होतं, हे मला समजलेलं नाही. आपल्याकडे हे होऊ शकत नाही असंही नाही. एअरफिक्सच्या विमानांच्या किटच्या खोक्यावर 'मेड इन इंडिया' छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते साचे इथे चालतात. साहेबाची स्पिटफायर इथे बनते, मग डब्ल्यूडीएम-2 का नाही?

इथे खरी अडचण रुळाच्या रुंदीची आहे. सगळ्या जगाचा एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. 1:87 मापात तो युरोपच्या 1435 मिलिमीटर गेजशी जुळतो. आपला ब्रॉडगेज 1676. त्याला त्या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतात आणि असा रूळ कुठली मोठी कंपनी बनवत नाही. त्यामुळे आपली गाडी साडेसोळावर बसवली की पाय आखडून उभ्या असलेल्या शिपायासारखी दिसते. शिवाय लांबी बघा. एलएचबी डबा 24 मीटरचा, म्हणजे एचओमध्ये साडेसत्तावीस सेंटिमीटर. 22 डब्यांची राजधानी मांडायची तर नुसते डबेच सहा मीटर झाले. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वीस फुटांची सरळ भिंत कुणाकडे आहे? पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी 1998 मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी मुलांना घेऊन जाऊन या, एचओची मजा काय असते ते कळेल आणि ती किती जागा खाते तेही कळेल.

म्हणून माझं मत असं, की आपण ब्रॉडगेजचा हट्ट सोडावा. कुठली कंपनी आपल्यासाठी साचे काढेल याची वाटही पाहू नये. आपल्या छोट्या गेजच्या गाड्या परदेशी रुळांवर जवळपास अचूक बसतात.

बार्शी लाईट घ्या. गेज 762 मिलिमीटर. त्याला 87 नं भागा, पावणेनऊ येतात. एन गेजचा रूळ असतो नऊ मिलिमीटर. फरक केसाएवढा! म्हणजे रूळ एन गेजचा, वरची गाडी एचओ मापाची. युरोपात ही पद्धत जुनी आहे. तिला एचओई म्हणतात. आणि एन गेजची उत्तम यंत्रणा जपानची काटो कंपनी बनवते. तिच्या पॉकेट लाइन मालिकेतली चार चाकांची छोटी चॅसिस बड्या इंजिनाच्या काही अंश किमतीत मिळते आणि घड्याळासारखी चालते. तिच्यावर आपण आपली बॉडी चढवायची.

बार्शी लाईटला साधी समजू नका. एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं ती आखली आणि 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. त्याचा सिद्धांत असा, की इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलका रूळही भारी गाडी पेलतो. रसद हलवणाऱ्या कुणालाही ही गोष्ट लगेच पटेल. त्यासाठी किटसन कंपनीची आठ चालक चाकांची टाकीवाली इंजिनं आली. पुढे पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत लाइन गेली. आषाढीची गर्दी याच डब्यांतून जायची. एक इंजिन, चार डबे, एक छोटं स्टेशन : चार फुटांच्या फळीवर सगळं बसतं. किटसनची आठ चाकं चॅसिसच्या चार चाकांवर दाखवायची हे नवशिक्याला अवघड जाईल, म्हणून सुरुवात डब्यांपासून करा. डब्याला मोटर लागत नाही.

दुसरं मीटरगेज. हा आमच्या जयपूरचा विषय. इथलं सगळं जाळं मीटरगेजचं होतं. 1982 मध्ये पॅलेस ऑन व्हील्स निघाली तीही मीटरगेजवरच. संपूर्ण भारतात बनलेलं पहिलं वाफेचं इंजिन, एफ-734, इथून जवळच अजमेरला 1895 मध्ये तयार झालं, तेही मीटरगेजचं. एक मीटरला 87 नं भागलं की साडेअकरा येतात. आणि इथे नव्या मालाची बातमी आपल्या कामाची आहे. 2022 मध्ये हॉर्नबीनं टीटी:120 ही नवी मालिका काढली. माप 1:120, रूळ बारा मिलिमीटर. इंग्रजी शौकीन त्यावर अजून वाद घालतायत की आणखी एक माप कशाला. घालू देत. आपल्याला बारा मिलिमीटरची नवी, सहज मिळणारी यंत्रणा मिळाली.

त्यांच्या पहिल्या इंजिनांत ए-3 होतं, चाकांची मांडणी 4-6-2. आपलं वायपीसुद्धा 4-6-2. ए-3 चं मोठं चाक सहा फूट आठ इंच, 120 नं भागलं तर सुमारे 17 मिलिमीटर. वायपीचं साडेचार फूट, 87 नं भागलं तर पावणेसोळा. एका मिलिमीटरचा फरक मी चालवून घेईन. हे गणित अजून कागदावर आहे, चॅसिस हातात आल्यावर आसांमधलं अंतर मोजून सांगतो.

प्री-ऑर्डरबद्दल थोडक्यात. जानेवारीत घोषणा होतात, माल वर्ष-दोन वर्षांनी येतो. एकाच इंजिनावर दोन कंपन्या तुटून पडतात; 2022 मध्ये टिटफील्ड थंडरबोल्टवरून हॉर्नबी आणि रॅपिडो यांच्यात तेच झालं. आगाऊ रक्कम मागणारा विक्रेता असेल तर मी दुकानात आलेलाच माल घेतो.

बॉडी छापताना एक काळजी. पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. आमेरला मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद खोलीत, उन्हात ठेवलेल्या पेटीत तेवढं तापमान सहज होतं. विदर्भातही तेच. एबीएस वापरा, नाहीतर जुनी पद्धत, प्लास्टिकची शीट कापून. आणि रेतीमुळे रूळ आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

उरली मापं. फौजेत मोहिमेआधी सॅण्ड मॉडेल करतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो : कुणी जागेवर जाऊन पाहिलंय का? बार्शी लाईट आता ब्रॉडगेज झाली. पण राजस्थानात मावली-मारवाड मार्गावर मीटरगेज अजून जिवंत आहे, 2023 पासून तिथल्या घाटात व्हॅली क्वीन नावाची वारसा गाडीही धावते. जाल तेव्हा खिशात टेप ठेवा. डब्याची रुंदी, खिडकीची उंची, पायऱ्यांमधलं अंतर, बफरची रूळापासूनची उंची, एवढं लिहून आणा. फोटो सरळ समोरून काढा, तिरका नको. आणि कुर्डुवाडी-बार्शी-पंढरपूर भागात ज्यांच्या घरी कुणी या लाइनवर नोकरीला होतं त्यांनी जुन्या ट्रंका उघडून पाहा. डब्यासमोर उभं राहून काढलेला एक फोटो असला तरी माणसाच्या उंचीवरून डब्याची उंची काढता येते.