धावत्या मोटारीचे छायाचित्र



शर्यतीत धावणाऱ्या मोटारींचे फोटो कसे काढावेत, हा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना छापखान्याची चूक झाली असावी असे वाटले असेल. या मंडपात काल संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या अर्थकारणावर आहे. मध्येच ही मोटार कोठून आली? पण चूक झालेली नाही. आम्ही छंद म्हणून आयुष्यभर कॅमेरा वापरला, आणि त्यातली जी गोष्ट आम्हांला सर्वांत उशिरा साधली, तिच्याबद्दलच बोलावे असे ठरवून आम्ही हा विषय चिटणिसांना कळविला.

प्रथम थोडा हिशेब करू. हिशेबाला भिण्याचे कारण नाही. तो किराणा दुकानातल्यापेक्षा कठीण नाही. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ५० मीटर जाते. कॅमेऱ्याचे शटर एक हजारांश सेकंद उघडले, तरी तेवढ्यात ती ५ सेंटिमीटर पुढे सरकते. आपण रस्त्यापासून २० मीटरांवर उभे आहोत आणि कॅमेऱ्याला २०० मिलिमीटरचे लांब पल्ल्याचे भिंग लावले आहे असे धरा. मग फिल्मवर मोटारीची प्रतिमा अर्धा मिलिमीटर सरकते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल; पण ते चित्र सात पट मोठे करून भिंतीवर लावले, की साडेतीन मिलिमीटरांचा फराटा दिसू लागतो. चालकाचा चेहरा ओल्या कागदावरच्या शाईसारखा फुटतो.

यावर उपाय दोन. पहिला सोपा आहे. जेथे मोटार वळणावरून आपल्या रोखाने येते, तेथे उभे राहावे. समोरून येणारी वस्तू आडवी फारशी सरकत नाही, आणि वळणावर वेगही कमी झालेला असतो. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा.

दुसरा उपाय म्हणजे मोटारीबरोबर कॅमेरा फिरविणे. आपण रेल्वेच्या फलाटावर उभे आहोत, गाडी सुटली आहे, आणि खिडकीतल्या मुलीला आपण मान वळवीत पाहत आहोत. तिचा चेहरा आपल्याला स्वच्छ दिसतो. मागचे खांब मात्र पळतात. कॅमेऱ्याने हेच करावयाचे असते. आता शटर हजारांश सेकंदाचे नको; सव्वाशांश किंवा साठांश सेकंदाचे पुरे. मोटार स्पष्ट येते आणि मागची झाडे, कुंपण, माणसे यांच्या आडव्या रेघा होतात. वेग दिसतो तो त्या रेघांतून. उलट समोरून आडवी जाणारी मोटार अतिवेगवान शटरने टिपली, की चाकांच्या आऱ्यासुद्धा मोजता येतात, आणि पाहणारा म्हणतो, “ही गाडी कोणी येथे उभी करून ठेवली आहे?”

हे साधावे कसे? पायांचे अंगठे, मोटार ज्या जागी टिपावयाची त्या जागेकडे ठेवावेत. मग कमरेतून मागे वळून, मोटार येते त्या बाजूला तोंड करावे. भिंगाचा रोख रस्त्यावरच्या एखाद्या खुणेवर आधीच धरून ठेवावा. मोटार दिसली की तिच्याबरोबर कंबर वळवीत यावे, अंगठ्यांच्या समोर आली की कळ दाबावी, आणि दाबल्यावर थांबू नये, वळतच राहावे. चेंडू हातातून सुटल्यावरही गोलंदाजाचा हात फिरत राहतो, तसेच हे आहे. कळ दाबताच जो थांबला, त्याचा फोटो बिघडला.

आरशाच्या कॅमेऱ्यात तर आणखी एक गंमत आहे. कळ दाबताच आतला आरसा वर उचलला जातो आणि क्षणभर डोळ्यांपुढे अंधार होतो. म्हणजे जो क्षण आपण टिपला, नेमका तोच आपल्याला दिसलेला नसतो!

हालचाल थांबवून पाहण्याची हौस मोटारीहून जुनी आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे म्यूब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि धावत्या घोडीचे एकामागून एक फोटो घेतले. चौखूर धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे त्यांतून सिद्ध झाले. पण ते सुटतात पोटाखाली गोळा झालेले असताना. जुने चित्रकार रंगवीत तसे पुढेमागे ताणलेले असताना नव्हे. डोळ्याला जे शतकानुशतके नीट दिसले नव्हते, ते काचेने दाखविले.

मात्र यंत्र नेहमी खरेच सांगते असेही नाही. झाक-आंरी लार्तिग हा फ्रेंच तरुण फ्रान्सच्या ग्राँ प्री शर्यतीला कॅमेरा घेऊन गेला. त्याने काढलेल्या फोटोचे साल पूर्वी १९१२ देत. पुढे अभ्यासकांनी ते १९१३ ठरविले. त्या चित्रात ६ क्रमांकाच्या मोटारीचे मागचे चाक अंड्यासारखे लांबट होऊन पुढे कलले आहे, मोटारीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे, आणि मागे उभे असलेले प्रेक्षक वाऱ्याने झुकावेत तसे उलट्या बाजूला कलले आहेत.

असे का झाले? त्या काळच्या अशा कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटसमोरून एक फट वरून खाली सरकत जाई. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणून जमिनीचा भाग आधी उमटे आणि वरचा नंतर. तेवढ्या अवधीत मोटार पुढे गेली, म्हणून चाकाचा वरचा भाग पुढे उमटला. लार्तिग कॅमेरा मोटारीबरोबर फिरवीत होता, पण तिच्याइतक्या वेगाने नव्हे. म्हणून स्थिर उभी असलेली माणसे मागे कलली आणि मोटारीचे नाक चौकटीबाहेर निसटले. शास्त्राच्या दृष्टीने हे चित्र चुकांचे गाठोडे आहे. तरीही १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने लार्तिगचे प्रदर्शन भरविले, तेव्हापासून त्याची चित्रे जगभर पोचली, आणि वेगाचे चित्र म्हटले की जाणकारांना आज हेच प्रथम आठवते. खरे चाक कधी असे कलत नाही. पण जवळून मोटार गेली की आपल्या छातीत जे होते, ते या चित्रात आहे.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगून संपवितो. ती सांगताना संकोच वाटतो, पण या मंडपात पोकळ बोलून जाणे बरे नव्हे.

१९७८-७९च्या सुमाराची गोष्ट. मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकाळातल्या जुन्या विमानतळावर तेव्हा मोटारींच्या शर्यती होत. एका स्नेह्यांबरोबर आम्ही रेल्वेने तेथे गेलो. ऊन भाजून काढीत होते. खिशात पैसे बेताचे, म्हणून रोल तीनच नेले होते. प्रत्येकात छत्तीस फोटो. दुपारपर्यंत दोन संपले. तिसरा संपत आला असता, आमच्यापासून शे-दीडशे पावलांवर एक मोटार वळणावर घसरली, गवताच्या पेंढ्यांवर आदळली आणि उलटली.

आम्ही कॅमेरा डोळ्याला लावला, कळ दाबली. कळ दबेना. रोल संपला होता.

त्या वेळी आमच्या मनात पहिला विचार काय आला, हे आपल्याला खरे सांगतो. “अरेरे, चांगला फोटो गेला!” आत माणूस आहे, तो जिवंत आहे की नाही, हा विचार दुसरा होता. शेजारी उभे असलेले आमचे स्नेही तोवर कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत ठेवून दोरीपर्यंत धावले होते. चालकाचे दैव बलवत्तर. तो खांदा धरून बाहेर आला, आणि लोकांनी टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या. पण परतीच्या गाडीत आम्ही फारसे बोललो नाही.

हा खेळ जिवाशी आहे हे कोणी विसरू नये. १९५५ साली फ्रान्समध्ये ल मान्स येथे एक मोटार प्रेक्षकांच्या बाजूला उडाली आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणांस मुकली. १९५७ साली इटलीतल्या मिल्ले मिल्या शर्यतीत टायर फुटून चालक, त्याचा साथीदार आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक गेले. त्यांत पाच मुले होती. त्या रूपातली ती शर्यत त्यानंतर बंदच झाली. म्हणून कुंपण आणि दोरी जेथे असेल तेथून एक पाऊलही पुढे जाऊ नये. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मोकळे उभे राहू नये. ताबा सुटलेली मोटार त्याच बाजूला जाते.

आज कॅमेरा सेकंदाला दहा-वीस फोटो सहज घेतो, भिंगाचा रोख आपोआप धरतो, आणि रोल संपण्याची भीती उरलेली नाही. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे दिल्लीजवळ ग्रेटर नोइडाच्या बुद्ध मार्गावर फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. त्यांची चित्रे आम्ही घरी बसून पाहिली. ती इतकी स्वच्छ होती, की आम्हांला आमच्या तीन रोलांची लाज वाटली. पण आमच्या वेळची अडचण नव्या यंत्राने सुटलेली नाही. रोल संपला म्हणून आम्हांला त्या दिवशी आपले मन दिसले. ज्याचा रोल संपतच नाही, त्याने ते केव्हा पाहावे?

म्हणून शिकावयास येणाऱ्या मुलांना आम्ही पाय कसे ठेवावेत ते सांगतो, कंबर कशी वळवावी ते सांगतो, आणि शेवटी एक सांगतो, की मोटार घसरली तर कॅमेरा खाली घ्या. तो एक फोटो गेला तर जाऊ द्या. पुढच्या फेरीला मोटारी पुन्हा येणार आहेत.