यंत्राचा अक्षराभ्यास



गोदावरीच्या काठी बासर येथे श्रीज्ञानसरस्वतीच्या मंदिरात वसंतपंचमीच्या दिवशी लहान मुलांना घेऊन आलेल्या आईबापांची मोठी रांग लागते. नांदेड, धर्माबाद, देगलूर या बाजूंची मराठी कुटुंबे आणि तेलंगणातील तेलुगू कुटुंबे एकाच रांगेत उभी असतात. पुरोहित बाळाचा चिमुकला हात आपल्या हाती घेऊन पाटीवर पहिले अक्षर काढवितात. मराठी माणूस यास श्रीगणेशा म्हणतो; तेथे यास अक्षराभ्यास म्हणतात. महर्षी व्यासांनी या ठिकाणी तप केले, नदीतील वाळूच्या मुठींतून देवींच्या मूर्ती घडविल्या, आणि त्यांच्या नावावरून गावास व्यासपुरी, पुढे वासर व शेवटी बासर हे नाव पडले, अशी परंपरागत कथा आहे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडते.

याच गावात एक दुसरे विद्यास्थान आहे. २००८ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाची एक शाखा बासरला उभी राहिली. खेड्यापाड्यांतील, बेताच्या परिस्थितीतील हुशार मुलांना दहावीनंतर सहा वर्षे आपल्याकडे ठेवून घ्यावे व अभियंता करून बाहेर पाठवावे, हा तिचा हेतू. या विद्यापीठाचे पहिले कुलपती डॉ. राज रेड्डी होते. चित्तूर जिल्ह्यातील कातूर या लहानशा गावी १९३७ साली जन्मलेला हा मुलगा मद्रासला अभियंता झाला, पुढे अमेरिकेत गेला आणि १९६६ साली स्टॅनफर्ड येथे जॉन मॅकार्थी यांच्या हाताखाली डॉक्टर झाला. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या अर्थाचा इंग्रजी शब्द प्रथम योजिला तो याच मॅकार्थींनी, १९५६ च्या डार्टमथ येथील परिषदेच्या निमित्ताने. माणसाचे बोलणे यंत्रास कसे समजावे, हा डॉ. रेड्डी यांच्या अभ्यासाचा विषय. संगणकशास्त्रात सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक त्यांना १९९४ साली मिळाले. ते मिळविणारे ते पहिले आशियाई होत.

म्हणजे ज्या गावात बालकाचा अक्षराभ्यास होतो, त्याच गावाशी यंत्राला शिकविणाऱ्या एका आद्य आचार्याचे नाव जोडले गेले आहे. तेव्हा यंत्र शिकते म्हणजे नेमके काय होते, आणि बालकाच्या शिकण्याशी त्याचे साम्य कोठे संपते, हे भाविकांनी समजून घेतलेले बरे. आज ही यंत्रविद्या प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये येऊन बसली आहे. तिला नमस्कार करून दूर ठेवणे शक्य नाही, आणि डोळे मिटून तिच्या स्वाधीन होणे हिताचे नाही.

गावाच्या नावातीलच दोन अक्षरे घ्यावीत : व आणि ब. दोहोंचा आकार एकच. ब च्या पोटात एक तिरपी रेघ अधिक. आई मुलाला हे एकदा दाखविते, चारदा गिरवून घेते, आणि मूल ओळखू लागते. यंत्रास रेघ म्हणजे काय हेच ठाऊक नसते. म्हणून कागदावरील अक्षराचे चित्र बारीक चौकटींत विभागतात. आडव्या २८ आणि उभ्या २८ घेतल्या तर ७८४ चौकटी होतात. प्रत्येक चौकट किती काळी, हे एका आकड्याने सांगितले जाते. यंत्र त्या प्रत्येक आकड्यास काही वजन देते, सर्वांची बेरीज करते आणि उत्तर देते : हा व. उत्तर चुकले, हा ब होता, असे कळताच ती वजने किंचित कमीजास्त केली जातात. मग दुसरे चित्र, मग तिसरे. अशी हजारो अक्षरे गिरवून झाली की अक्षराच्या पोटातील चौकटींना योग्य ते वजन येते आणि यंत्र सहसा चुकत नाही. अमेरिकेत यान लकन व त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली पत्रांवर हाताने लिहिलेले टपालाचे आकडे अशाच मार्गाने यंत्राकडून ओळखून घेतले होते.

चूक करणे, ती मोजणे, किंचित सुधारणे, पुन्हा करणे : यंत्राचे सारे शिक्षण यात आले. यालाच यंत्रशिक्षण म्हणतात. अशा वजनांचे थरावर थर रचले की त्यास मज्जाजालासारखी रचना म्हणतात. कारण मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून ही कल्पना सुचली. या शोधाचा पाया घालणाऱ्या जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना २०२४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता बोलणाऱ्या यंत्राकडे वळावे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द घरोघरी पोहोचला. त्याचे शिक्षणही वरच्यासारखेच. ‘आषाढी एकादशीस वारकरी’ एवढे शब्द पुढे ठेवून यंत्रास विचारावयाचे की पुढचा शब्द कोणता? कोट्यवधी पाने वाचलेले यंत्र हिशेब करते की येथे ‘पंढरपुरास’ हा शब्द फार संभवतो. चुकले तर वजने सुधारतात. मागील कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यावे, हे ठरविण्याची एक नवी रचना २०१७ साली सापडली, आणि मग यंत्र एका शब्दावरून परिच्छेद व परिच्छेदावरून प्रबंध रचू लागले. पुढे माणसांनी त्याची उत्तरे तपासून, चांगली कोणती व वाईट कोणती हे दाखवून, त्यास अधिक वळण लावले.

या विद्येने सामान्य माणसास काय दिले, तेही मोकळेपणाने मान्य करावे. बासरला गेलेल्या मराठी यात्रेकरूने तेलुगू पाटीवर मोबाईल धरला तर तिचा मराठी अर्थ समोर येतो. ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांना पोथीच्या पानाचे छायाचित्र घेऊन त्याचे वाचन ऐकता येते. ज्या आजीबाईंना लिहिता येत नाही त्या मराठीत बोलतात आणि पत्र लिहून तयार होते. सत्तरीच्या दशकात डॉ. रेड्डी यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले यंत्र जेमतेम १,००० इंग्रजी शब्द ओळखीत असे. आज ते सामर्थ्य खेड्यातल्या माणसाच्या हाती आहे. भारत सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ हा उपक्रम देशी भाषांतील अनुवाद व उच्चार यांसाठी सुरू केला, आणि मद्रासच्या आय. आय. टी. तील संशोधकांनी २०२३ साली राज्यघटनेतील सर्व २२ भाषांचा अनुवाद करणारे साधन सर्वांस खुले केले. मोडी लिपीतील जुने कागद यंत्राकडून वाचून घेण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

परंतु येथे एक गोष्ट नीट ध्यानी धरली पाहिजे. यंत्र जो शब्द निवडते तो संभवनीय असतो. तो खरा असेलच असे नाही. उत्तर ठाऊक नसले म्हणजे मूल गप्प बसते किंवा आईकडे पाहते. यंत्र पुष्कळदा तितक्याच गोड व ठाम भाषेत रचून सांगते. त्यास संताची ओवी विचारावी, तर ओवीसारखी दिसणारी, ओवीसारखी वाजणारी आणि त्या संताने कधीही न लिहिलेली ओळ ते पुढे करू शकते. भाविक मनुष्य ती ओळ श्रद्धेने दहा जणांना पाठवितो. ते दहा जण शंभरांना. शतकानुशतके शिष्यपरंपरेने अक्षर अक्षर सांभाळलेल्या ग्रंथांत अशा रीतीने नकळत भेसळ होऊ लागेल, तर तो दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही.

उपाय साधा आहे. यंत्राने वचन सांगितले तर ग्रंथ, प्रकरण आणि क्रमांक विचारावा, आणि मग उठून पोथी उघडावी. दासबोधाचे दशक २० आणि प्रत्येक दशकाचे समास १०. कोणी बाराव्या समासाचा आधार देऊ लागला तर पान उलटण्याचीही गरज नाही. पोथी जवळ नसेल तर जाणत्यास विचारावे. पडताळा होईपर्यंत ते वचन पुढे धाडू नये. औषध, कायदा आणि पैसा यांविषयीच्या उत्तरांनाही हाच नियम लावावा : यंत्रास विचारावे, पण निर्णय वैद्याशी वा वकिलाशी बोलून घ्यावा.

दुसरा धोका आवाजाचा. थोडे ध्वनिमुद्रण मिळाले तरी यंत्र कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करते. सत्पुरुषांची प्रवचने तर सर्वांस ऐकण्यास खुली असतात. मुलाच्या किंवा महाराजांच्या आवाजात तातडीने पैशांची मागणी आली, तर फोन खाली ठेवावा व आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. असा संशय घेण्यात अनादर नाही. ज्यांच्याविषयी आदर आहे त्यांच्या नावाचे रक्षणच त्यात होते.

तिसरी गोष्ट मराठी भाषेची. यंत्र जेवढे वाचील तेवढेच शिकेल. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक नोंदले गेले. पण विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात मराठी लेख सुमारे १ लाख, तर इंग्रजी सुमारे ७० लाख. साहजिकच यंत्र मराठीत अधिक चुकते, आणि सीमेवरची बोली, जी नांदेड-आदिलाबादकडे तेलुगूच्या शेजारी वाढली, ती तर त्यास फारच थोडी ठाऊक. ज्यांच्या घरी स्वामित्वाचे बंधन नसलेले जुने ग्रंथ आहेत त्यांनी ते शुद्ध करून विकिस्रोतासारख्या मुक्त ग्रंथालयात ठेवावेत. एका पानाचे मुद्रितशोधन हीही वाङ्मयसेवाच आहे, आणि यंत्राच्या पाटीवर खरे अक्षर उमटविण्याचा तो मार्ग आहे.

समर्थांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचे नाव शिकवण. त्याचा पहिला समास लेखनक्रियेचा : अक्षर कसे काढावे, कागद कसा राखावा. आणि शेवटचा, दहावा समास विवेकाच्या लक्षणांचा. अक्षरापासून निघून विवेकाशी पोहोचणे, हा शिक्षणाचा पुरा प्रवास होय. यंत्राने पहिला टप्पा चकित करण्याजोग्या वेगाने ओलांडला आहे. शेवटचा टप्पा मात्र माणसाकडेच राहिला आहे, कारण चुकीच्या शब्दाने कोणाचे नुकसान झाले तर त्याची खंत यंत्रास वाटत नाही. ती माणसास वाटते.

बासरच्या मंदिरात बाळाचा हात धरणारा हात जाणत्याचा असतो, म्हणून त्या अक्षरास अर्थ येतो. नव्या यंत्राचा हात धरण्याची पाळी आज प्रत्येक गृहस्थावर आली आहे. तो हात सावध राहो, सत्यनिष्ठ राहो, हीच श्रीशारदेच्या चरणी प्रार्थना.