परेडला न गेलेली बाई

फॅसिझम म्हटलं की आपल्याला बूट आठवतात, बंदुका आठवतात. एत्तोरे स्कोलाचा १९७७ सालचा 'उना जोर्नाता पार्तिकोलारे' हा इटालियन सिनेमा आपल्याला थेट स्वयंपाकघरात नेतो.

६ मे १९३८. हिटलर रोममध्ये आलाय. अख्खी इमारत परेड बघायला ओस पडते. सुरुवातीच्या जुन्या न्यूजरीलनंतर परेड दिसत नाही, फक्त ऐकू येते. रखवालदारणीचा रेडिओ दिवसभर चौकात बोंबलत असतो.

मागं राहते आंतोनिएत्ता. सहा पोरांची आई. नवरा, पोरं परेडला. उष्टी भांडी हिच्या वाट्याला. आणि हीच बाई मुसोलिनीची चित्रं कापून अल्बममध्ये चिकटवते! बाईच्या डोक्याला कमी लेखणाऱ्या राजवटीची ही भक्त. गुलामाला बेडी दागिना वाटायला लागली की हुकूमशहाला पोलीस कमी लागतात.

पिंजऱ्यातली मैना उडते, समोरच्या खिडकीशी बसते. तिथं भेटतो गाब्रिएल. रेडिओवरचा निवेदक. समलिंगी म्हणून नोकरीवरनं हाकललेला. गच्चीवर, वाळत्या चादरींत तो हे सांगतो, तेव्हा ती त्याच्या थोबाडीत मारते. ही थोबाडीत नीट बघा. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली ती हीच. लाथ खाणाराही आपल्या खाली कुणीतरी शोधतोच.

पण ती परत येते. त्याच्यापुढं मन मोकळं करते. नवऱ्याचं एका शिकलेल्या मास्तरणीशी लफडं आहे. आपण अडाणी, म्हणून आपल्याशी कसंही वागलं तरी चालतं, हे तिला डाचतंय. गाब्रिएल तिला एक पुस्तक देतो, 'थ्री मस्केटिअर्स'. रात्री ती खिडकीशी बसून वाचू लागते. समोर दोन माणसं गाब्रिएलला घेऊन जातात, सार्डिनियात हद्दपार करायला. ती पुस्तक ठेवते, दिवा मालवते, नवऱ्याच्या बिछान्यात जाते. त्याला सातवं पोर हवंय. नाव ठरलंय, अडोल्फो.

काही लोक म्हणतील, मग बदललं काय? मी म्हणतो, तिला कळलं. पण नुसतं कळून भागत नाही. ते दोघं एकेकटे होते, त्यांच्या मागं कुणी नव्हतं. म्हणून एका रात्रीत संपले. त्याच वर्षी इटलीत ज्यूंविरुद्ध वंशभेदाचे कायदे आले. रेडिओ चालूच होता.

तेव्हा दोस्तहो, घोषणा देऊन घरी गेल्यावर आधी एवढं बघा : आपण मोर्च्यात होतो तेव्हा मागं कोण राहिलं होतं? आपली उष्टी ताटं कुणी घासली? तिच्या हातात पुस्तक कधी देणार? आणि तिला मोर्च्यात कधी आणणार?

जय भीम.