तिरुनागेश्वरमची जागती रात्र

कुंभकोणहून सहा-सात किलोमीटरांवर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातखाचरांमध्ये तिरुनागेश्वरम् हे गाव वसले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांच्या अमलाखाली होता. तेव्हा मराठी श्रोत्यांना तो अगदीच परका वाटू नये. गावात दोन प्रसिद्ध देवालये आहेत. नागनाथस्वामींच्या देवळात राहूचे ठाणे आहे. राहुकाळात त्याच्या मूर्तीवर दुधाचा अभिषेक होतो आणि अंगावरून ओघळताना ते दूध निळे होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. दुसरा देव उप्पिलियप्पन, म्हणजे विष्णू; त्याच्या नैवेद्यात मीठ घालीत नाहीत. सूर्यचंद्रांना गिळणारा ग्रह आणि मिठावाचून भागवून घेणारा देव, अशा दोघांच्या सावलीत राहणाऱ्या या गावाने २०१२ साली कितीतरी रात्री अंधारात काढल्या. दोष मात्र राहूला कोणी दिला नाही. सर्वांच्या तोंडी एकच शब्द होता : मिन्वेट्टु. मिन् म्हणजे वीज आणि वेट्टु म्हणजे कापणे. महाराष्ट्रात याच गोष्टीला ‘भारनियमन’ असे भारदस्त नाव मिळाले आणि त्यात कोणी काही कापले असल्याचा पत्ताच लागत नाही. तमिळ शब्द त्या मानाने सरळ बोलतो.

त्या वर्षी तमिळनाडूला सुमारे १२,००० मेगावॉट वीज हवी होती आणि तूट होती सुमारे ४,००० मेगावॉटची. तिसरा हिस्साच नाहीसा झालेला. या तुटीची वाटणीही सारखी नव्हती. राजधानी चेन्नईत दिवसाकाठी दोन तास वीज जाई. जिल्ह्यांच्या गावी वर्षाच्या अखेरीस ती बारा-बारा, चौदा-चौदा तास जाऊ लागली. पुष्कळ ठिकाणी एक तास वीज आणि एक तास अंधार असा पाळणाच सुरू झाला.

अशा दिवसांतील एखाद्या घराची रात्र डोळ्यांपुढे आणावी. घरात म्हातारी आजी, मुलगा व सून, दोन शाळकरी मुले. रात्री दहाला पंखा थांबतो. अंधाराचे कोणाला फारसे काही वाटत नाही. देवाजवळ समई आहे, मेणबत्ती आहे, मोबाइलचा उजेड आहे. जागे करते ती शांतता. पंख्याची घरघर थांबली की झोपेतला माणूस कूस बदलतो, दहा मिनिटांत मान घामेजते आणि कानाशी डास गुणगुणू लागतो. डास पळविणारे यंत्रही विजेवरच चालणारे, तेव्हा तेही निजलेले. पाणथळ शेतीच्या या भागात डास ही केवळ कटकट नव्हे. कुंभकोणच्या परिसरात हत्तीपायाचा रोग एके काळी घरोघर ठाऊक होता, आणि तो पसरविणारा डास रात्रीच चावतो. म्हणून आई उठून बसते आणि ताडपत्राच्या विंझण्याने दोन्ही मुलांना वारा घालू लागते. हात दुखला की विंझणा थांबतो. विंझणा थांबला की मूल रडते.

अकराला वीज येते. आता तरी झोप लागावी. पण घरातल्या साऱ्या कामांनाही नेमकी हीच वेळ साधायची असते. टाकीत पाणी चढवायचे, इडलीचे भिजलेले तांदूळ व डाळ वाटायची, मोबाइल भारायला लावायचे. बटण बंद करावयाचे राहिलेला दिवा थेट डोळ्यांवर पेटतो. ज्याच्या शेतावर विजेचा पंप आहे त्याला वीज येण्याची वाट पाहत बसावे लागते, कारण २०१२ साली मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनच्या प्रघाताप्रमाणे उघडलेच नव्हते आणि पिकाची भिस्त भूगर्भातील पाण्यावर येऊन पडली होती. वीज गेली म्हणून एकदा जाग, वीज आली म्हणून पुन्हा जाग. बारा वाजता सारे पुन्हा सामसूम. सकाळी थोरल्या मुलाची परीक्षा असते, आणि वर्गात कोण कितीदा उठले होते याची नोंद गुणपत्रिकेत होत नाही.

आजीला मात्र या घराचे एक कोडे पडलेले असते. तिच्या माहेरी वीजच नव्हती आणि तरी उन्हाळ्यात सारे गाढ झोपत. याचे उत्तर भिंतींत आहे. कावेरीकाठच्या जुन्या घराला रस्त्याच्या बाजूस तिण्णै, म्हणजे आपली ओसरी. मधोमध आकाशाला उघडा मुट्रम्, म्हणजे चौक. वर उतरते कौलारू छप्पर. दिवसा तापलेली हवा चौकातून वर निघून जाई आणि रस्त्याकडून गार झुळूक आत ओढली जाई. पुरुषमंडळी तिण्णैवर निजत, बायका चौकाच्या कडेने. पुढे काँक्रीटचे सपाट छत आले, चौक झाकला गेला, तिण्णै दुकानाच्या गाळ्यात गेली. दिवसभर तापलेले छत मध्यरात्रीपर्यंत खोलीत ऊष्मा सोडीत राहते. हे घर पंख्याच्या भरवशावर बांधलेले आहे. पंखा थांबला की ते घर राहत नाही, भट्टी होते. कोणी म्हणेल, इन्व्हर्टर घ्यावा. अनेकांनी घेतलाही. परंतु पूर्ण उतरलेली बॅटरी भरावयास आठ-दहा तास लागतात. तासाभराच्या विजेने तिचे तोंडही ओले होत नसे.

जवळच्या तिरुभुवनम् येथे रेशमी साड्या विणणाऱ्या सौराष्ट्र समाजाची वस्ती आहे. त्यांच्या बोलीत मराठी कानाला ओळखीचे कितीतरी शब्द ऐकू येतात. हातमागाला वीज लागत नाही हे खरे, पण काठाची जर मोजणाऱ्या डोळ्यांना उजेड लागतो. संध्याकाळचे काम बुडाले की ते भरून काढायला सकाळ उरते, आणि सकाळी डोळे रात्रीच्या जागरणाने जड झालेले असतात.

ही तूट का पडली? नवी वीजकेंद्रे वेळेवर उभी राहिली नाहीत, कूडनकुळमचा अणुप्रकल्प रेंगाळला. ही कारणे सर्वश्रुत आहेत. एक कारण अधिक चमत्कारिक आहे. तमिळनाडूने दक्षिण टोकाला, आरल्वाय्मोळीच्या खिंडीत आणि इतरत्र, हजारो पवनचक्क्या उभारल्या. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारा त्या फिरवितो. ऑक्टोबरात वारा पडतो आणि हजारो मेगावॉट वीज त्याच्याबरोबर नाहीशी होते. म्हणजे खिंडीतला वारा पडला की तिरुनागेश्वरमच्या खोलीतला वाराही पडावा, असा हा विलक्षण संबंध.

मग उत्तरेत वीज नव्हती काय? होती; आणण्याची वाट अरुंद होती. एका जाळ्यातील सारी जनित्रे एकाच ठेक्यात, सेकंदाला पन्नास आवर्तनांनी फिरावी लागतात. २००६ पर्यंत उत्तर, पूर्व, ईशान्य आणि पश्चिम भारताची जाळी एका ठेक्यात आली होती. दक्षिण वेगळी राहिली होती. ओडिशातील तालचेरहून कर्नाटकातील कोलारला जाणारी तार, चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचे १,००० मेगावॉटचे केंद्र, अशा मोजक्या दारांतून तिला वीज मिळे. भद्रावतीला उलटसुलट फिरणारी वीज एकदा सरळ करून पुन्हा उलटसुलट करावी लागे, कारण दोन्हीकडचे ठेके जुळत नसत.

याच वेगळेपणाने दक्षिणेला एकदा तारलेही होते. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडील जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी सुमारे साठ कोटी लोकवस्तीचा प्रदेश विजेवाचून राहिला. आगगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, खाणीत माणसे अडकली. दक्षिणेतील दिवे तेवढे त्या दिवशी या घाताने विझले नाहीत. शेजाऱ्याच्या घरची आग आपल्याकडे येऊ नये म्हणून ठेवलेली भिंत उपयोगी पडली. तीन महिन्यांनी त्याच भिंतीआड तिरुनागेश्वरमची आई विंझणा हलवीत बसली होती आणि शेजाऱ्याचा घडा तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता.

३१ डिसेंबर २०१३ रोजी ही भिंत पाडली गेली, आणि ती जेथे पाडली गेली ते ठिकाण मराठी श्रोत्यांच्या परिचयाचे आहे. सोलापूर ते रायचूर ही सुमारे दोनशे किलोमीटरांची, ७६५ किलोव्होल्टची तार त्या दिवशी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे देशाच्या जाळ्यात मिसळले. त्याआधी ऑक्टोबरात कूडनकुळमचा पहिला संच सुरू झाला होता. औष्णिक केंद्रांचे नवे संचही येत गेले. एका तारेने सारे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत तासातासाचा तो पाळणा थांबला.

आता तिरुनागेश्वरमच्या खोलीतील पंखा आणि सोलापूरच्या चाळीतील पंखा यांना एकाच ठेक्याची वीज मिळते. कोठे एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडले, तर तो ठेका दोन्ही घरी एकाच क्षणी किंचित मंदावतो. झोपलेल्या माणसाला ते कळत नाही. ते कळण्यासाठी बंगळूर, मुंबई, दिल्ली येथील भारप्रेषण केंद्रांत काही माणसे रात्रभर आकड्यांकडे पाहत जागी बसलेली असतात.